झाकण मिटले, आवाज कोंडला

वर्गात लॅपटॉप मोठ्या मॉनिटरला जोडून झाकण मिटले, की आवाज कोंडल्यासारखा येतो आणि बोल लागतो बिचाऱ्या स्पीकरला. स्पीकर कळफलकाशेजारी असतील, तर खरा अडथळा झाकणाचाच. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणून २०० हर्ट्झ ध्वनीची तरंगलांबी १.७ मीटर, तर १०,००० हर्ट्झची अवघी ३.४ सेंटिमीटर. लांब तरंग झाकणाला सहज वळसा घालतात, आखूड अडतात. ‘स’, ‘श’ यांची धार नेमकी या आखूड तरंगांत असते. मग मागच्या बाकावर ‘साठ’ म्हटले की ‘आठ’, ते कळावे कसे? शिक्षकांनी नवे स्पीकर मागवण्याआधी झाकण उघडून तोच धडा पुन्हा ऐकवावा. माझ्या मते ते उघडेच असावे. लॅपटॉपचा पडदा नको असेल, तर सेटिंगमधून तेवढाच बंद करता येतो.