पेंडीचे त्रैराशिक

नीरेच्या डाव्या कालव्याने व उजनीच्या पाण्याने बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ऊस वाढला, मका वाढला, आणि त्यांच्या आधाराने दावणीच्या संकरित गाईही वाढल्या. परंतु दुधाचा पगार हाती पडताच तो पशुखाद्याच्या दुकानी भरावा लागतो व कुणब्याच्या पदरी शेणच उरते, अशी तक्रार घरोघर आहे. दुधास रास्त भाव मिळालाच पाहिजे, हे आम्ही वारंवार म्हणू. पण जे आपल्या हाती आहे तेही आपण करतो काय?

शेतकरी बंधूंनो, धान्य म्हणजे चुलीतले सरपण व प्रथिन म्हणजे परातीतले पीठ. नुसत्या सरपणाची भाकरी होत नाही, आणि सरपणावाचून पिठाचीही होत नाही. कडब्यात प्रथिन शेकडा 3 ते 4, मक्याच्या दाण्यात सुमारे 9, सालासकट सरकीच्या पेंडीत 20 च्या वर व भुईमुगाच्या पेंडीत 40 च्या वर. मग उसाचे वाढे व मक्याचा मुरघास खाणाऱ्या गाईपुढे आणखी मक्याचाच भरडा ओतला, तर प्रथिन यावे कोठून? उलट भरडा अति झाला की पोटात आंबट वाढून जनावर रवंथ सोडते.

अलीकडे मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरलेला चोथा पेंडीच्या जागी विकला जातो. त्यात प्रथिन पुष्कळ असते, हे खरे. पण मूळ मका बुरसलेला असेल तर बुरशीचे विष चोथ्यात सुमारे तिप्पट दाट होते व त्याचा अंश दुधात उतरतो. स्वस्त म्हणून डोळे मिटून घेऊ नये.

पोते घेताना प्रथिनाचा आकडा वाचावा. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीच्या खाद्यात तो किमान 22 टक्के व दुसऱ्या प्रतीत 20 टक्के हवा. 50 किलोच्या पोत्यात 20 टक्के म्हणजे 10 किलो प्रथिन. किंमत 10 ने भागा. 22 टक्के असेल तर 11 ने. ज्याचा भागाकार लहान, त्याचे प्रथिन स्वस्त. आकडाच छापलेला नसेल तर पोते तेथेच ठेवून यावे. शिवाय दोन-चार गुंठे लसूणघास व बांधाला शेवरी लावली, तर तेवढे प्रथिन दुकानातून आणावे लागत नाही.

गोठ्यात वैरण बहुधा घरची बाईच घालते. म्हणून हा हिशेब आधी तिच्या हाती द्या. पाचवीतली मुलगी असा भागाकार पाटीवर करते. पुढचे पोते आणताना तिला दुकानी बरोबर न्या.