शिक्षा : विद्या की दंड?

'शिक्षा' हा शब्द मराठी कानावर पडला की छडी आठवते. हिंदी वा बंगाली कानावर पडला की पाटी-पुस्तक. २००१ साली 'सर्व शिक्षा अभियान' आले तेव्हा सर्वांनाच शिक्षा कशासाठी, असा विनोद मराठीत होणे अपरिहार्य होते. २०१८ पासून त्याची जागा 'समग्र शिक्षा' या योजनेने घेतली, म्हणजे मराठी कानाला शिक्षा आता संपूर्णच झाली!

मूळ अर्थ विद्येचा, मराठीने तो बिघडवला, असे संस्कृताभिमानी मंडळी म्हणतात. आम्हांस हे मान्य नाही. कानडी, तेलुगू आणि मल्याळम या भाषांतही हा शब्द दंडाच्याच अर्थाने रूढ आहे. समुद्रापलीकडे थाई भाषेने त्याचा 'अध्ययन' हा अर्थ राखला, तर इंडोनेशियन भाषेत 'सिक्सा' म्हणजे चक्क छळ. इतक्या भाषांत जे घडले, त्याचा दोष एकट्या मराठीच्या माथी कसा मारावा?

'शिक्ष्' हे 'शक्' या धातूचे इच्छार्थक रूप मानले जाते. शक्य, शक्ती हे शब्द त्याच धातूचे. म्हणजे शिक्षा ही मुळात समर्थ होण्याची इच्छा. वेदांगांत तिचा अर्थ उच्चारशास्त्र झाला. पालीत 'सिक्खापद' म्हणजे आचरणाचा नियम, आणि पंचशील ग्रहण करताना तो शब्द आजही विहारांतून उच्चारला जातो. नियम आला की नियमभंग आला, आणि त्यामागोमाग दंड. 'शास्' धातूची कथाही अशीच आहे : शास्त्र आणि शिष्य त्याचे, तशीच शास्तीही त्याचीच. बंगालीत 'उचित शिक्षा' देणे म्हणजे अद्दल घडवणे, आणि आपणही 'धडा शिकवतो' तो काही पुस्तकातला नव्हे.

तेव्हा हा अर्थाचा अपभ्रंश नव्हे. शिकवणे आणि मारणे या दोन क्रिया आपल्या समाजाने किती जवळ आणून ठेवल्या होत्या, याची ही भाषेने ठेवलेली नोंद आहे. विद्येसाठी 'शिक्षण' असा वेगळा शब्द वापरून मराठीने निदान या दोहोंत भेद तरी केला.

२००९ च्या कायद्याला हिंदीत 'शिक्षा का अधिकार' म्हणतात. ते नाव मराठीत जसेच्या तसे आणले तर शिक्षा करण्याचा अधिकार असा अर्थ होईल, आणि नेमका तोच अधिकार त्या कायद्याच्या कलम १७ ने शिक्षकाकडून काढून घेतला आहे : मुलाला शारीरिक शिक्षा वा मानसिक छळ करण्यास तेथे मनाई आहे. म्हणूनच शासकीय योजनांची नावे मराठीत आणताना ती केवळ उचलू नयेत, असा आमचा आग्रह आहे. परंतु कागदावर 'शिक्षण' लिहून वर्गात 'शिक्षा' चालू राहिली, तर शब्दाची ही काळजी व्यर्थ होय. समर्थ होण्याची जी इच्छा या शब्दाच्या मुळाशी आहे, ती मूल भयमुक्त असेल तरच टिकते.