शपथ कोणाची?

एन्नोरहून जिंजीचा किल्ला एका दिवसात पाहून परतता येते. 1689 साली राजाराम महाराज तिथे पोहोचले आणि पुढे मोगलांच्या वेढ्यातही 1698 पर्यंत किल्ला लढता राहिला, हे बहुतेक छात्रांना ठाऊक असते. पण जिंजी टिकली ती महाराष्ट्र मागे झुंजत होता म्हणून. तो झुंजवणाऱ्यांत रामचंद्रपंत अमात्यांच्या जोडीला शंकराजी नारायण सचिव होते. राजगड, तोरणा ही नावे पुन्हा स्वराज्याच्या यादीत आली त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. भोर संस्थानाचे मूळ पुरुष ते हेच.

1700 मध्ये राजाराम महाराज गेले. ताराबाईंनी आपल्या लहान मुलाला गादीवर बसवून औरंगजेबाशी लढा चालू ठेवला. 1707 मध्ये औरंगजेब मेला, शाहूराजांची सुटका झाली आणि एका गादीला दोन धनी झाले. ताराबाईंनी शाहू तोतया असल्याचे म्हटले आणि प्रमुख सरदारांकडून दूधभातावर शपथ घेतली, असे परंपरा सांगते. सेनापती धनाजी जाधव खेडच्या लढाईत शाहूंना जाऊन मिळाले. परशुरामपंत प्रतिनिधी साताऱ्यावर अडून राहिले आणि कैदेत पडले. शंकराजींनाही शाहूंचे बोलावणे आले. शपथ ताराबाईंची आणि समोर संभाजीराजांचा मुलगा! त्यांनी आंबवड्याला स्वतःचे आयुष्य संपवले.

या मृत्यूचे वर्णन स्वामिनिष्ठेची परिसीमा म्हणून केले जाते. मला ते पटत नाही. उणीपुरी पंधरा-सोळा वर्षे डोंगरी मुलूख सांभाळलेला माणूस नेमका गरजेच्या वेळी नाहीसा झाला. त्याने ताराबाईंचे बळ वाढले नाही आणि यादवीही थांबली नाही. पद सोडता आले असते, असे आपण सहज म्हणतो. पण पद सोडणे म्हणजे किल्ले कोणाच्या तरी हवाली करणे, आणि ज्याच्या हाती किल्ले त्याचाच मुलूख. तेव्हा त्यांना भित्रा म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. पेच खराच होता.

जमिनीचा मुद्दाही विसरू नये. जिंजीच्या काळात माणसे धरून ठेवण्यासाठी वतने, इनामे सढळ हाताने दिली गेली. मग यादवीत निष्ठा कुठे संपते आणि वतनाची काळजी कुठे सुरू होते, हे त्या माणसालाही सांगता येत नसेल. इंग्लंडात 1642 नंतरच्या यादवीत राजाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या जमीनदारांच्या जमिनी पार्लमेंटने जप्त केल्या आणि पुष्कळांनी दंड भरून त्या सोडवून घेतल्या. आपल्याकडच्या अनेक घराण्यांनी तर एकाच घरातली माणसे दोन्ही छावण्यांत ठेवली. बाजू कोणतीही जिंको, वतन घरातच!

माझ्या मते शंकराजींचा घात शपथेच्या शब्दांनी केला. ती एका व्यक्तीच्या बाजूने होती, राज्याच्या नव्हे. आपल्या छात्रांपैकी जे पुढे अधिकारी होतील, ते भारताच्या संविधानाशी निष्ठेची शपथ घेतील. संचलनाच्या गडबडीत ते शब्द पाठ म्हणून निघून जातात. प्रशिक्षकांनी त्यापूर्वी एक तास या शब्दांसाठी द्यावा आणि आंबवड्याची हकीकत तिथे सांगावी. मुले अवघड प्रश्न विचारतील, विचारू द्यावेत.

शाहूंनी सचिवपद शंकराजींच्या लहानग्या मुलाला, नारो शंकर यांना दिले. भोरची गादी पुढे 1948 मध्ये विलीनीकरण होईपर्यंत त्याच घराण्याकडे राहिली.