क्लच घसरतोय का?

म्हैसूरजवळच्या बोगादीतून जुनी मारुती ८०० घेऊन कुटुंब चामुंडी टेकडीला निघाले, की सपाट रस्त्यावर लपलेला दोष चढावर उघड होतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच इंजिन ओरडते, गाडी मात्र रेंगाळते. त्यात जळका वास आला, तर गाडी कडेला घेऊन थंड होऊ द्यावी.

खात्रीसाठी मोकळ्या, सपाट जागी हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून चौथ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा. इंजिन चालूच राहिले, तर क्लच नक्की घसरतो. बंद पडले म्हणून निर्धास्त राहू नये. किंचित घसरणारा क्लच चढावरच कळतो. ही परीक्षा एकदाच, नाहीतर उरलीसुरली प्लेटही जळायची!

नवी प्लेट घालण्याचा खर्च मोठा. त्याआधी पेडल हाताने दाबून पाहावे. सुरुवातीला जराही ढिलाई नसेल, तर केबल जास्त ताणलेली असू शकते. ती सैल केल्यावर कधी कधी तेवढ्यावरच भागते.