मंगळवारी रात्री तुमच्याकडे काय?

संध्याकाळी साडेपाचला चहाचे कप विसळता विसळता माझ्या डोक्यात रोज एकच प्रश्न येतो, आणि तुमच्याही येत असणार. रात्री काय करायचं? सकाळचं एक बरं असतं. डबे असतात, घड्याळ मागे लागलेलं असतं, पोळी-भाजी ठरलेली असते. रात्रीचं मात्र कुणी ठरवत नाही आणि खायला सगळेच असतात.

गेल्या महिन्यात आमच्या भिशीत मी एक गंमत काढली. आम्ही चौदाजणी. दर वेळी हाऊजी खेळून कंटाळा आला होता. म्हटलं, आज प्रत्येकीने सांगायचं, गेल्या मंगळवारी रात्री घरात काय शिजलं होतं? रविवार नाही, सणवार नाही, पाहुणे नाहीत, साधा मंगळवार. आणि खरं सांगायचं बरं का!

पहिल्या दोघी-तिघींनी थापाच मारल्या. पनीर काय, व्हेज कोल्हापुरी काय! मग आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या काकू म्हणाल्या, "मी तर बाई सकाळच्या भाकरी कुस्करल्या, कांदा-लसणीची फोडणी दिली, वर शेंगदाण्याचं कूट टाकलं आणि ताक घेतलं. झालं जेवण." एवढं म्हणायचा अवकाश, सगळ्यांच्या जिभा मोकळ्या झाल्या. कुणाकडे पिठलं, कुणाकडे मुगाची खिचडी नि पापड, कुणाकडे डाळकांदा. एकीने सांगितलं, मेथी बारीक चिरून तेल, तिखट, मीठ, कूट घालून नुसता घोळाणा केला आणि गरम भाकरीबरोबर खाल्ला. गॅससुद्धा भाकरीपुरताच.

सगळ्यात भाव खाल्ला तो हुलग्याच्या शेंगोळ्यांनी. आमच्या सोलापूर भागातल्या मैत्रिणींना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, तिखट, मीठ वाटून घालायचं आणि पीठ घट्ट मळायचं. हातावर बारीक वळ्या करून त्यांची वेटोळी करायची. फोडणीत पाणी उकळलं की ती एकेक करून सोडायची. मूठभर पीठ पाण्यात कालवून वरून ओतलं की रस्सा दाट होतो. एका पातेल्यात सगळं जेवण. बाहेर पाऊस असेल तर दुसरं काही नकोच.

माझी भाची पुण्याहून चार दिवस आली होती, तीही बसली होती आमच्यात. एकतीस वर्षांची, कंप्युटरच्या कंपनीत नोकरी. कुणीतरी कौतुकाने विचारलं, "तुझ्याकडे गं काय होतं मंगळवारी?" ती सहज म्हणाली, "कुकरमधला मसालेभात, काकडीची कोशिंबीर आणि एक ग्लास जिन."

पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला!

काकूंनीच विचारलं, "जिन म्हणजे गं काय?" पोरगी लाजली नाही, की तिने आवाजही चढवला नाही. म्हणाली, धान्यापासून काढलेलं मद्य असतं, पाण्यासारखं दिसतं. ज्युनिपर नावाच्या झुडपाच्या फळांचा त्याला वास असतो. आपल्या आयुर्वेदात त्या झाडाला हपुषा म्हणतात. शिवाय त्यात धणे असतात, लिंबाची किंवा संत्र्याची साल असते. "धणे?" एकदम तिघी ओरडल्या. जणू आमच्याच मसाल्याच्या डब्यातून कुणी चोरून नेले होते. मग तिने टॉनिक वॉटरचंही सांगितलं. त्याची कडू चव क्विनाइनची. इंग्रज लोक हिंदुस्थानात हिवतापावर क्विनाइन घ्यायचे, ते घशाखाली उतरावं म्हणून त्यात साखर, लिंबू आणि जिन घालायचे. आता गोव्यातही चांगली जिन तयार होते आणि तिला तीच आवडते, हेही सांगून झालं. बायका ऐकत होत्या. माझा चेहरा मात्र तापला होता.

त्याला कारण आहे. आमच्या वॉर्डातलं देशी दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून मी दोन वर्षं घरोघरी फिरले आहे. 'उभी बाटली, आडवी बाटली' तुम्ही ऐकलं असेल. वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, की मतदान घेतलं जातं. दुकान बंद व्हायचं तर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. नुसत्या आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या सगळ्यांपैकी! म्हणजे जी रोजंदारी बुडवून येऊ शकली नाही, जी लग्न होऊन सासरी गेली पण नाव यादीत राहिलं, ती आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. आमच्याकडे आलेल्या बायकांनी ढीगभर मतं आडव्या बाटलीला दिली, पण यादीच्या निम्मा आकडा भरला नाही. दुकान आजही चालू आहे. तेव्हा माझ्याच घरची लेक चारचौघीत जिनचं नाव घेते म्हटल्यावर मला काय वाटलं असेल!

रात्री ओट्याशी मी तिला धरलं. म्हटलं, लोक काय म्हणतील, मी कुठल्या तोंडाने आता बायकांपुढे उभी राहू? तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "मावशी, परवा काकांचे मित्र आले होते तेव्हा तू काय करत होतीस?"

मी काय करत होते? पापड भाजत होते. शेंगदाणे तळून त्यावर कांदा, कोथिंबीर, लिंबू घालत होते. महिन्या-दोन महिन्यातून एखादे वेळी आमच्याकडे बैठक बसते. फार नाही, आरडाओरडा नाही, सगळे सभ्य लोक. साडेदहापर्यंत चालतं. मी आतबाहेर करते, बर्फ देते, मग सगळे उठले की भाकरी टाकते. तोवर माझी भूक मेलेली असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा व्यसनमुक्तीच्या बैठकीला जाते. इतक्या वर्षांत यात काही विसंगत आहे असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. वस्तीतली दारू वाईट आणि आमच्या दिवाणखान्यातली ती 'बैठक'!

झोप लागली नाही तेव्हा मी भिशीतल्या त्या चौदा मंगळवारांचा पुन्हा विचार केला. काय शिजवलं ते सगळ्यांनी सांगितलं होतं. पण बोलता बोलता आणखीही काही सांगून गेल्या होत्या. "मुलांना आठला वाढलं, यांचं साडेदहाला." "ते आले की गरम करून देते." "मी काय, उभ्या उभ्याच खाल्लं." चौदापैकी नऊजणींच्या घरी रात्रीचं जेवण दोन पाळ्यांत होतं. प्रत्येक घरात कारण दारूच होतं असं नाही. कुठे दुकान, कुठे पत्त्यांचा डाव, कुठे नुसतीच पारावरची चर्चा. पण ताट झाकून जागी राहणारी प्रत्येक घरात बाईच.

सरकारने २०२४ मध्ये लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात. जे पुरुष असं काम करतात त्यांची ८८ मिनिटं. ताट झाकून वाट बघण्याची मिनिटं कुठल्या रकान्यात धरली असतील, याचं मला कुतूहल आहे.

बी.ए.ला माझा इतिहास होता, म्हणून एक आठवलं. अठराव्या शतकात लंडनच्या गरीब वस्त्या स्वस्त जिनने पोखरल्या होत्या. १७५१ साली विल्यम होगार्थने 'जिन लेन' नावाचं चित्र काढलं. त्यात मधोमध पायरीवर एक झिंगलेली आई बसली आहे आणि तिचं तान्हं मूल हातातून निसटून खाली पडतं आहे. पीत तर तिथले पुरुषही होते, पण चित्राच्या मध्यभागी आई! आणि आमच्या भिशीतही मला राग आला तो मंगळवारी एक ग्लास घेणाऱ्या पोरीचा.

मैत्रिणींनो, गैरसमज नको. तुम्ही जिन घ्या असं मी सांगत नाही, मी स्वतः घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, की दारूचं कुठलंच प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. भाचीलाही मी तेच सांगितलं. पण तिच्या मंगळवारातलं एक मला फार आवडलं. भात तिने लावला होता, कोशिंबीर जावयाने केली होती, साडेआठला दोघं एका वेळी जेवायला बसली आणि भांडी त्याने घासली. मला हेवा वाटला तो त्या साडेआठचा.

म्हणून मी आमच्या घरापुरतं ठरवलं आहे. रात्रीचं जेवण साडेआठला. शेंगोळे असोत की फोडणीची भाकरी, सगळ्यांबरोबर माझंही ताट त्याच वेळी. उशिरा येणाऱ्याने आपलं आपण वाढून घ्यायचं. आणि बैठकीचा चखणा माझ्या हातून नाही.

हे मी भिशीत बोलले तर माझ्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंनी दारातूनच ऐकलं. म्हणाल्या, "ताई, तुमचं ठीक आहे. मी झाकून ठेवून झोपले तर ताट भिंतीवर येतं." त्यांना मी साडेआठचा नियम काय सांगणार? त्यांच्याजवळ बसून महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर लिहून दिला, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याबद्दल सांगितलं, संरक्षण अधिकाऱ्याकडे बरोबर येते म्हटलं. त्या "बघू" म्हणाल्या. अजून बघतच आहेत. मी दर आठवड्याला विचारते.

परवाच्या शनिवारी आमच्याकडे पुन्हा बैठक होती. मी साडेआठला जेवून घेतलं. नऊला आतल्या दिशेने हाक आली, "अहो, जरा पापड?" मी म्हटलं, "डबा वरच्या फळीवर आहे, चिमटा गॅसजवळ." बराच वेळ कुणी उठलं नाही. मग स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. मी खिडकी उघडली आणि वाचत पडले.