राबत्याची जागा

मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याकडे येताना शहराच्या आठ-दहा किलोमीटर अलीकडे लळिंगचा किल्ला लागतो. त्याच्या परिसरातले कुरण वनखात्याचे आणि कुरणातला लांडोर बंगला इंग्रजी अमदानीतला. ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयीन कामासाठी धुळ्यात आलेल्या बाबासाहेबांचा या बंगल्यात मुक्काम झाला. एवढ्या एका मुक्कामामुळे दरवर्षी ३१ जुलैला येथे भीमस्मृती यात्रा भरते. भर पावसाळ्याचे दिवस, पायाखाली चिखल, तरी बायाबापड्या लेकरांना घेऊन येतात. एरवी हे कुरण धुळेकरांना सहलीची जागा म्हणून माहीत आहे. शहराबाहेरचे उद्यानच म्हणा ना!

या जागेचा इतिहास आम्हाला महत्त्वाचा वाटतो, तो केवळ श्रद्धेपोटी नव्हे. जंगल, कुरण आणि त्यातला बंगला ही इंग्रजी राजवटीत सरकारची राखीव मालमत्ता होती. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलातली चराई आणि लाकूडफाटा सरकारी परवानगीवर आणला. बंगल्यात साहेबाने उतरावे, आणि आपल्या माणसाने त्याचे सामान वाहावे. अशा ठिकाणी आज आपले लोक हक्काने जातात. हे कोणी दान दिलेले नाही. वर्षानुवर्षे जात राहिल्याने ती जागा त्यांची झाली. धुळे शहरातल्या ट्रॅव्हलर्स बंगल्याचेही तेच. लोकांनी त्याला संदेशभूमी म्हटले आणि मग तो संदेशभूमी झाला.

येथे कायद्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. त्यात सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने होते. बागा नव्हत्या! ज्याला पिण्याचे पाणी नाकारले जात होते त्याच्यासाठी बागेतल्या बाकाचा हक्क कोण मागणार? महाडला चवदार तळ्यावर जावे लागले ते १९२७ साली, म्हणजे ठराव होऊन चार वर्षांनी. पुढे संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी भेदभावबंदीच्या कलमावर चर्चा झाली. तेव्हा प्रा. के. टी. शहा यांनी लांबलचक यादी सुचवली होती, तिच्यात उद्याने आणि बगीचे स्पष्ट शब्दांत होते. ती दुरुस्ती मान्य झाली नाही. कलम १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्यापुढे ‘सार्वजनिक राबत्याच्या जागा’ एवढेच आले. आमच्या मते हे शहाणपणाचे झाले. यादी केली की यादीत नसलेली जागा पळवाट होते; राबता हा शब्द मात्र कोणत्याही फाटकाला पुरून उरतो. १९५५ च्या कायद्याने अशा जागेत अस्पृश्यतेच्या कारणावरून मज्जाव करणे हा गुन्हा ठरवला.

मग आता अडचण कोठे आहे? ‘आत येऊ नका’ असे शहरात कोणी सहसा म्हणत नाही. म्हणायची गरजच उरत नाही, कारण वस्तीजवळ बागच नसते. जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिका २००३ साली महानगरपालिका झाल्या. त्याआधीच ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत उद्याने, बगीचे आणि क्रीडांगणे ही नागरी संस्थांच्या कामांत घातली होती. विकास आराखड्यात बागेची आरक्षणे पडतातही. पण महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचे कलम १२७ असे आहे की दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देतो. त्यानंतरच्या मुदतीतही पालिका हलली नाही की आरक्षण व्यपगत होते. ही मुदत आधी सहा महिने होती, पुढे बारा, आता चोवीस. मुदत वाढली, पालिकेचा खिसा वाढला का? आरक्षण गेले की प्लॉट पडतात. बाग कागदावर जन्मते आणि कागदावरच मरते.

जळगावात महात्मा गांधी उद्यान आणि काव्यरत्नावली चौकाजवळचे भाऊंचे उद्यान ही उद्योगसमूहाने फुलवलेली आहेत. सुंदर आहेत, नाकारायचे कारण नाही. पण दात्याच्या पैशाने होणारी बाग कोठे व्हावी हे दाता ठरवतो. मागासवस्तीत बाग का नाही, हा प्रश्न त्याला विचारता येत नाही. नगरसेवकाला विचारता येतो, कारण त्याला आपण मत दिलेले असते. बंगळूरमध्ये बागेची आरक्षित जागा खासगी रुग्णालयाला देऊ केली, तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो व्यवहार बेकायदा ठरवला. रुग्णालयासारखे पुण्याचे कामसुद्धा बागेच्या जागेवर चालले नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. ते रहिवासी शिकलेले होते, फाईल कोठे पाहायची हे त्यांना माहीत होते. आपल्या वस्त्यांत आराखडा पाहिलेला माणूस शोधावा लागतो.

लळिंगला ३१ जुलैला कार्यकर्ते जमतातच. या वेळी त्यांनी धुळे आणि जळगावच्या मंजूर आराखड्यांचे नकाशे तेथे टांगावेत. हिरव्या रंगाची आरक्षणे कोणत्या वॉर्डात आहेत, त्यांना दहा वर्षे कधी होतात, हे त्यावर तांबड्या शाईने लिहावे. पुढच्या महासभेत त्यातला पहिला गट नंबर विचारायला दोन-चार बायका गेल्या, तरी नगररचना विभागाला फाईल काढावी लागेल.