सकाळी लंगडणारे पोर सोंग करत नसते

या पानावर बोंडअळी, खताची मात्रा आणि पीकविम्याच्या तारखा वाचायची तुम्हाला सवय. आजचा विषय वेगळा आहे, पण तो शेताच्या बांधावरच भेटला.

गेल्या रब्बीत हरभरा पाहायला एका वस्तीवर गेलो होतो. सकाळचे आठ वाजले असतील. ओट्यावर सात-आठ वर्षांची मुलगी पाय लांब करून बसलेली. आजी म्हणाली, "साहेब, हिला उठायचा लई कंटाळा. शाळा बुडाली की बघा दुपारी कशी पळती." पोरीचा उजवा गुडघा डाव्याहून जाड दिसत होता. चार महिने हेच चालले होते. बिबा घालून झाला होता, गळ्यात दोरा होता. बाजारच्या गावातून आणलेल्या पुड्याही झाल्या होत्या. पुडी घेतली की आठ दिवस बरे, संपली की पुन्हा तेच.

मी पिकांचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण या घराबरोबर जिल्ह्याला आणि तिथून पुढे मोठ्या शहरातल्या संधिवाततज्ज्ञापर्यंत गेलो. तिथे जे कळले ते सांगतो.

संधिवात लहान मुलांनाही होतो. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेला, सहा आठवडे तरी टिकलेला आणि दुसरे कारण न सापडलेला असा सांध्यांचा दाह असेल, तर डॉक्टर त्याला जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस म्हणतात. आजार विरळा आहे, त्यामुळे खेड्यातल्या डॉक्टरला वर्षानुवर्षे एखादाही असा रुग्ण दिसत नाही. रोगाशी लढणारी शरीराची ताकदच चुकून सांध्याच्या अस्तरावर उलटते. कुंपणानेच शेत खावे, तसला हा प्रकार.

खूण एकच नीट लक्षात ठेवा. पोर सकाळी आखडते आणि दिवस वर आला की मोकळे होते. म्हणून तर घरच्यांना ते सोंग वाटते. लहान लेकरू दुखते असे सांगतही नाही. उकिडवे बसायचे टाळते, चालणारे पोर पुन्हा कडेवर मागते. याच आजाराच्या एका प्रकारात रोज ठरल्या वेळी ताप चढतो, उतरतो आणि अंगावर गुलाबी पुरळ येऊन जाते. दोन आठवडे असा ताप राहिला तर टायफॉइडच्या गोळ्यांवर थांबू नका.

या मुलीला एका ठिकाणाहून 'आरए फॅक्टर निगेटिव्ह आहे, संधिवात नाही' असे सांगून परत पाठवले होते. मुलांमध्ये ही तपासणी बहुतेक वेळा निगेटिव्हच येते. आणि त्या पुड्या? अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. डॉक्टरही स्टेरॉइड देतात, पण मोजून आणि हळूहळू कमी करत. न मोजता महिनोन्‌महिने घेतले तर तोंड सुजते, उंची खुंटते, हाडे ठिसूळ होतात. आणि एकदम बंद केले तर जिवावर बेतू शकते. घरात अशी पुडी चालू असेल तर लपवू नका, उरलेली डॉक्टरला दाखवा.

उपचाराचे मुख्य औषध मेथोट्रेक्झेट. 1992 साली अमेरिका आणि तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या डॉक्टरांनी मिळून केलेली चाचणी प्रसिद्ध झाली, आणि हे औषध आठवड्यातून एकदा थोड्या मात्रेत दिले तर मुलांना गुण येतो हे दिसले. कर्करोगातही ते वापरतात म्हणून काहीजण नाव ऐकूनच घाबरतात. इथे मात्रा फार कमी असते. भीती आहे ती वेगळीच: चुकून रोज घेतले तर ते घातक ठरते. आपल्याकडे गोळी म्हटली की सकाळ-संध्याकाळ असा ठेका असतो. म्हणून मी आजीला सांगितले, आठवडी बाजाराचा वार हाच गोळीचा वार. सोबतची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आणि ठरलेल्या रक्ततपासण्या चुकवायच्या नाहीत. एवढ्याने भागले नाही तर बायोलॉजिक इंजेक्शने आहेत. ती महाग आहेत, आणि सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करावीच लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातले काय बसते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

औषध मध्येच सोडण्याची दोन कारणे मला दिसली. पोर पळायला लागले की घर म्हणते, झाले बरे. नाहीतर सुगी येते आणि तारखेला जायला माणूस मोकळा नसतो. दोन्ही वेळा दुखणे परत येऊ शकते.

डोळ्यांचे तर कुणी सांगतच नाही. या आजारात डोळ्याच्या आत दाह होतो; डोळा लाल नाही, दुखत नाही, आणि नजर जाते. सुरुवातीच्या वर्षांत साधारण दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पवर डोळे तपासायला हवेत.

मुख्याध्यापक आणि सरपंच मंडळींनो, पुढचे काम तुमचे. अशा मुलाला जमिनीवर न बसवता बाकावर बसवा. तासाच्या मध्ये उठून दोन फेऱ्या मारू द्या. उशिरा आले म्हणून उभे करू नका. खेळायला बंदी नको, सायकल आणि पोहणे तर उत्तम. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरहूनच सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येते. लंगडणारे पोर त्या दिवशी घरी राहता कामा नये, हे आशाताई आणि अंगणवाडीताईंनी पाहावे.

ती मुलगी आता रोज शाळेत जाते. उजवा पाय डाव्याहून किंचित लांब राहिला आहे, कारण सुजलेल्या गुडघ्याजवळचे हाड जास्त वेगाने वाढते. चपलेला तळ लावून घेतला आहे. शाळेतल्या भारतीय पद्धतीच्या शौचालयात मात्र तिला बसता येत नाही, म्हणून ती दुपारपर्यंत पाणीच पीत नाही. एक कमोड बसवावा म्हणून सरपंचबाईंना भेटलो. "पुढच्या सभेत विषय घेते," म्हणाल्या. सभा या महिन्यात आहे.